सातवा कप्पा

१

चालू यंत्रात नवी डिस्क बसवणे हे काम अवघड नाही. त्याला धीर लागतो, एवढेच. यंत्र बंद करायचे नाही, पंखे थांबू द्यायचे नाहीत. आधीपासून असलेल्या डिस्कांची यादी कागदावर उतरवून घ्यायची, नव्या डिस्कच्या पाठीवरचा अनुक्रमांक दोनदा वाचायचा आणि मग खिट्टी वाजेपर्यंत ती कप्प्यात सरकवायची. यंत्राला ती आपणहून दिसली तर उत्तम. न दिसली तर ‘पुन्हा पाहा’ अशी आज्ञा द्यायची. लिनक्सला, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या प्रणालीला, जे दिसते ते ती सरळ सांगते. फक्त एका बाबतीत तिच्यावर विसंबू नये. डिस्कांना ती जी नावे देते ती कायमची नसतात. जी डिस्क आधी जागी होते तिला आधीचे अक्षर मिळते. काल ज्या नावाने एक ओळखली, त्याच नावाने आज दुसरीच उभी असू शकते. म्हणून नावावर जाऊ नये, अनुक्रमांक पाहावा.

रुग्णालयाच्या तळघरात काम करणाऱ्या तंत्रज्ञाला हे सहा वर्षांपूर्वीही ठाऊक होते. तरी तो नावावर गेला.

त्या दिवशी तळघरातल्या सर्व्हरच्या खोलीतली खुर्ची त्याची नव्हती. खोलीचे प्रमुख त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान होते. ते चहा आणायला गेले होते. जाताना म्हणाले होते, “मी येईपर्यंत हात लावू नकोस.” याने लावला. त्यांच्या खुर्चीत बसून, त्यांच्या उघड्या खात्यातून, याने नवी समजून जी डिस्क पुसली तिच्यावर अकरा वर्षांचे रुग्ण होते. प्रत होती, पण दोन महिने जुनी. त्या दोन महिन्यांतच एका बाईच्या नावापुढे ‘हे औषध देऊ नये’ अशी ओळ लिहिली गेली होती. चौथ्या दिवशी तिला ते औषध दिले गेले.

चौकशी समितीने यंत्राची नोंद पाहिली. नोंदीत नाव भाऊजींचे होते. तंत्रज्ञ समितीपुढे खोटे बोलला नाही. त्याला कोणी विचारले नाही, आणि तो आपणहून बोलला नाही. पुढे समितीसमक्ष त्या डिस्कला ड्रिलने आरपार चार भोके पाडण्यात आली. ड्रिल याच्याच हातात होते.

२

सहा वर्षांनंतरच्या एका सकाळी, अकरा वाजता, तो तिसऱ्या मजल्यावर गेला. भाऊजी आठ दिवसांपासून तिथे होते. फुप्फुसे थकली होती. नाकाला नळी होती, पण जीभ जागेवर होती.

“काय रे, निघालास का थंड हवेच्या ठिकाणी?” सर्व्हरच्या खोलीला ते पहिल्यापासून तसेच म्हणत.

“निघालो, भाऊजी. जागा भरली. एक डिस्क वाढवायची आहे.”

“बंद न करता?”

“बंद कसं करणार? वरच्या मजल्यावरच्या सगळ्या स्क्रीन त्यावर आहेत.”

“नंबर बघून घे,” भाऊजी म्हणाले आणि डोळे मिटले. “मी बघितला नसणार.”

बहीण त्याच्या मागोमाग बाहेर आली. दार लोटून घेत म्हणाली, “बस ना जरा. तुझी डिस्क काय पळून चालली आहे?”

“ताई, तीन वाजता प्रशासक बाई पाहायला येणार आहेत.”

“डॉक्टर म्हणाले, दोन दिवस. फार तर चार.” ती त्याच्या शर्टाच्या बाहीवरचा धागा काढू लागली. “डोकं मात्र लख्ख आहे. तेच वाईट. उठता बसता एकच विचारतात, ती बाई माझ्यामुळे गेली का गं? म्हणतात, मला तर आठवतही नाही मी बटण दाबलेलं, पण नाव माझं आहे, म्हणजे मीच असणार. आता मी काय सांगू? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तू होतास तिथं.”

“मी... होतो.”

“मग सांग की त्यांना. चूक त्यांची असेल तर तसं सांग, नसेल तर तसं सांग. पण सांग. माणसाला असं टांगून नेऊ नये रे देवानं.”

“काम झालं की येतो.”

“ये मात्र. तुझं ‘येतो’ म्हणजे मला माहीत आहे.”

३

तळघरातल्या त्या खोलीला खिडकी नव्हती. पंखे एका सुरात वाजत असत, आणि पाच मिनिटांत तो सूर ऐकू येईनासा होई. यंत्राला आठ कप्पे होते. पाच भरलेले; सहावा, सातवा आणि आठवा रिकामे. रिकाम्या कप्प्यांवर प्लास्टिकची झाकणे होती.

त्याने यादी काढली. पाच डिस्का, पाच अनुक्रमांक. त्याने नव्या डिस्कचा अनुक्रमांक कागदावर लिहिला, पुन्हा वाचला, आणि देवाचे नाव घेऊन ती सहाव्या कप्प्यात सरकवली. खिट्टी वाजली. आत काहीतरी गरगरू लागले. हिरवा दिवा लागला.

यंत्राला मात्र ती दिसली नाही. असे होते. त्याने ‘पुन्हा पाहा’ ही आज्ञा दिली आणि यादी पुन्हा मागवली.

यादीत सात डिस्का होत्या.

त्याने बोटाने मोजल्या. सातच. अशा वेळी माणूस आधी स्वतःवर संशय घेतो, मग यंत्रावर, आणि मग सर्वांत सोयीच्या कारणावर येऊन थांबतो. एकच डिस्क दोन वाटांनी दिसते, तेव्हा ती दोनदा मोजली जाते. हे त्याने पूर्वी पाहिले होते. तेच असेल, असे तो मोठ्याने म्हणाला. आपण मोठ्याने बोललो, हे त्याला आवडले नाही.

त्याने दोघींचे अनुक्रमांक मागवले. शेवटच्या अक्षराची डिस्क नवी होती. कागदावरचा आकडा जुळत होता. पण तिच्या आधीचे अक्षर दुसरीला मिळाले होते. म्हणजे ती आधी जागी झाली होती. तिची जागा होती सातवा कप्पा.

आणि तिचा अनुक्रमांक ताडून पाहायला त्याला कागदाची गरज लागली नाही. सहा वर्षांत त्याला तो विसरता आला नव्हता.

४

त्याने सातव्या कप्प्याचे झाकण काढले.

आत काही नव्हते. बॅटरीच्या उजेडात मागची पट्टी स्वच्छ दिसली, तिच्यावरची धूळसुद्धा. त्याने हात आत घातला. शेजारच्या आठव्या कप्प्यात थंड वारा होता. इथे ऊब होती, चालत्या डिस्कच्या अंगाला असते तेवढी. बोटे पोकळीतच होती. कशाला लागत नव्हती. तरी केसभर अंतरावर काहीतरी वेगाने फिरत असावे, अशी थरथर नखांतून वर येत होती.

त्याने हात काढून घेतला आणि शर्टाला पुसला.

शेजारच्या कप्प्याची ऊब आहे ही, तो मनाशी म्हणाला. सहाव्यात नवी डिस्क तापली आहे, तिचीच. अनुक्रमांकाचे म्हणाल, तर डिस्का सांभाळणाऱ्या नियंत्रकाच्या स्मृतीत जुन्या डिस्कची नोंद राहून गेली असेल. हे म्हणणे अगदीच अशक्य नव्हते. त्याने ते स्वतःला दोनदा ऐकवले.

मग एकच गोष्ट करणे प्राप्त होते. नुसती नोंद असेल, तर ती वाचता येणार नाही.

त्याने फक्त वाचण्यापुरती ती डिस्क जोडली. चूक दाखवणारी एकही ओळ आली नाही.

५

आत रुग्णांच्या नोंदी नव्हत्या. तारखांची फोल्डरे होती, रोजचे एक. पहिल्या फोल्डरची तारीख एकसष्ट वर्षांपूर्वीची होती. त्या काळी अशी डिस्क जगात कुठे नव्हती. शेवटच्या फोल्डरवर आजची तारीख होती, आणि त्याचा आकार जेव्हा पाहावा तेव्हा थोडा वाढलेला दिसे.

त्याने आजचे उघडले. खालच्या ओळी अशा होत्या:

*काय रे निघालास का थंड हवेच्या ठिकाणी*

*तो निघालो म्हणाला त्याने डोळ्याला डोळा दिला नाही*

*ती बाहेर गेली आहे दारामागे दोघे बोलतात*

*ती बाई माझ्यामुळे गेली का*

*ती बाई माझ्यामुळे गेली का*

पुढे तीच ओळ. तो पाहत असताना खाली आणखी एक उमटली. तीच.

त्याने ते मिटले. इथेच थांबायचे, असे त्याने ठरवले. पण बोटांनी सहा वर्षांपूर्वीची तारीख लिहिली. त्या दिवसाचे पुष्कळ काही होते. त्याने मधलेच वाचले.

*दोन पेले घेऊन दारात आलो तो माझ्या खुर्चीवरून उठत होता*

*हात भाजला चहा सांडला*

*काही विचारले नाही हिचा धाकटा भाऊ आहे*

याच्या खाली, त्यापुढच्या दिवसांतून, तेच दार होते आणि तोच चहा. पण खुर्ची हळूहळू रिकामी होत गेली होती. समितीच्या दिवशी खुर्चीत कोणी नव्हते. वर्षभराने भाऊजी स्वतः तिच्यात बसलेले होते.

म्हणजे त्यांनी पाहिले होते. पाहिले, आणि गप्प बसले. आणि गप्प बसून बसून शेवटी कागदावरच्या नावावर विश्वास ठेवू लागले.

६

टेबलावरचा फोन वाजला. तो दचकला.

“मी बोलतेय,” प्रशासक बाई म्हणाल्या. स्पष्ट बोलणारी, सरळ बाई. “येतेय खाली तासाभरात. यादी छापून ठेवा, सगळ्या डिस्का, नंबरांसकट. मागच्या वेळेसारखा घोळ नको मला.”

“हो, मॅडम.”

त्याने फोन ठेवला. यादी छापली तर तो अनुक्रमांक छापला जाणार होता. यंत्राला सांगून ती डिस्क यादीतून काढता आली असती, पण पुढच्या ‘पुन्हा पाहा’ला ती परत उभी राहणार होती. कोणीतरी उघडणार होते. कोणीतरी ते दार वाचणार होते.

सहा वर्षांपूर्वी जे घडले ती चूक होती. घाईत, अंधपणे, चुकीच्या नावाला दिलेली आज्ञा. अशा चुकीसाठी देवाच्या दारी क्षमा असते आणि माणसांच्या दारीही ती मागता येते. आज त्याच्यासमोर नाव होते, अनुक्रमांक होता, आणि आत काय आहे तेही होते. त्याने तिन्ही नीट पाहिले. मग त्याने ती डिस्क सोडवली आणि पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत शून्ये लिहिण्याची आज्ञा दिली.

बिघडलेली नोंद साफ करतो आहे, असे तो स्वतःला म्हणाला.

डिस्क जुनी, लहान क्षमतेची. तासा-सव्वा तासात पुसून होणार होती. स्क्रीनवर टक्के चढू लागले. मधल्या वेळात त्याने नव्या डिस्कवर विभाग पाडला, तो वापरासाठी तयार केला, आणि या वेळी नावाने नव्हे तर ओळखक्रमांकाने नोंदवला. ते काम अगदी निर्दोष झाले.

७

बाई आल्या तेव्हा बेचाळीस टक्के झाले होते. त्यांनी यादीवरून बोट फिरवले.

“ही सातवी कुठली?”

“जुनी आहे, मॅडम. साफ करतोय.”

“दिसत तर नाही कुठं.” त्या सातव्या कप्प्याकडे पाहत होत्या. तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला.

“तू लगेच वर ये,” ताई म्हणाली. तिचा आवाज पातळ झाला होता. “हे काहीतरी भलतंच बोलतायत.”

तो जिन्याने धावत गेला. भाऊजी उशांना टेकून बसले होते. चेहऱ्यावर त्रास नव्हता. शेजारी परिचारिका नाडी पाहत होती.

“मघाशी आईचं नाव आठवेना,” ताई म्हणाली. “मग गाव. मग शाळा. एकेक करून, अरे, मी नुसती बघतेय. आणि आत्ता मला विचारतात...”

“आपलं लग्न झालं आहे का, असं विचारलं मी यांना,” भाऊजी संकोचून म्हणाले. “यांना वाईट वाटलेलं दिसतं.”

“ऑक्सिजन कमी पडला की होतं असं,” परिचारिका म्हणाली. पण तिने यंत्रावरचा आकडा पाहिला आणि पुन्हा पाहिला. आकडा चांगला होता.

भाऊजींची नजर तंत्रज्ञावर आली. त्याला त्यांनी ओळखले. कपाळाला आठी पडली, आणि त्या आठीत जुना, संपूर्ण माणूस क्षणभर परत आला.

“तू होतास ना त्या दिवशी,” ते म्हणाले. “ती बाई. माझ्यामुळे गेली का रे?”

खोलीत ताई होती. परिचारिका होती. दोन शब्दांचे उत्तर होते, आणि ते पोहोचण्याइतका वेळही अजून होता.

“आलोच,” तंत्रज्ञ म्हणाला, आणि खाली धावला.

८

चौसष्ट टक्के.

त्याने प्रक्रियेला थांबण्याची आज्ञा दिली. ती थांबली नाही. त्याने ती मारण्याची आज्ञा दिली. यंत्राच्या पोटात कधीकधी अशी प्रक्रिया अडकते की ती कोणाचेच ऐकत नाही. मग डिस्क उपटून काढावी, नाहीतर यंत्रच बंद करावे. तो सातव्या कप्प्यापाशी गुडघ्यांवर बसला. उपटायला तिथे काही नव्हते. त्याने दोन्ही हात आत घालून चाचपले, खरवडले. ऊब तेवढी होती.

एकाहत्तर.

“काय चाललंय तुमचं?” बाई अजून तिथेच होत्या.

“यंत्र बंद करावं लागेल, मॅडम. दहा मिनिटं. आत्ता.”

त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिले. मग त्या वादावादी न करता वर फोन करून बोलल्या. पलीकडून मुख्य परिचारिकेचा आवाज खोलीभर ऐकू आला: “दहा मिनिटं हातानं लिहून घेऊ आम्ही नोंदी. पण डिस्कवाल्यांना म्हणावं, अकरावं मिनिट झालं तर तुम्हालाच इथं आडवं करीन.”

“झालं,” बाई म्हणाल्या आणि नोंदवही पुढे सरकवली. “कारण लिहा. मी सही करते.”

त्याने पेन घेतले. शहात्तर.

“थांबत नाहीये ती डिस्क,” तो म्हणाला.

“न थांबू दे. साफच करताय ना? जुनी, रिकामी डिस्क साफ होतेय म्हणून मी सगळं रुग्णालय बंद करू? की त्यावर काही आहे?” त्या खुर्ची ओढून बसल्या. “असेल तर आधी मला दाखवा. मग खुशाल बंद करा.”

पेनाचे टोक कागदाला लागले होते. शाईचा ठिपका मोठा होत गेला. दाखवायचे म्हणजे काय दाखवायचे? रिकाम्या कप्प्यात डिस्क आहे, तिच्यात एक माणूस आहे? बाई हसतील. वेड लागले म्हणतील. आणि न हसता त्यांनी ती तारीख उघडली तर? तेवढे पान अजून पुसले गेले नसावे.

बुद्धी ही देवाची मोठी देणगी आहे असे म्हणतात. त्या घटकेला ती त्याच्या फार उपयोगी पडली. हे सारे अशक्य आहे, असे तिने त्याला पटवून दिले. डिस्क नाही, म्हणून तिच्यावर माणूस नाही. वर जे चालले आहे ते आजारपण आहे. आजारपणासाठी चालू यंत्र बंद करणारा तंत्रज्ञ बेजबाबदार ठरेल.

“काही नाही, मॅडम,” तो म्हणाला. “त्यावर काही नाही. राहू द्या.”

बाईंनी खांदे उडवले, नव्या डिस्कच्या कागदावर सही केली आणि त्या गेल्या.

तो स्क्रीनसमोर बसून राहिला. एक्क्याण्णव. शहाण्णव. शंभर. मग यादी आपोआप बदलली. सहा डिस्का. त्याने सातव्या कप्प्यात हात घातला. आत थंड वारा होता.

९

तिसऱ्या मजल्यावर ताई बाहेरच्या बाकावर बसली होती. तो आत गेला.

खाटेवरचा माणूस छताकडे पाहत होता. इतका निवांत चेहरा तंत्रज्ञाने त्या माणसाचा कधी पाहिला नव्हता. सहा वर्षांची आठी पुसली गेली होती. दार ढकलून घ्यावे असे त्याला वाटले. पण पाय वळले नाहीत. तो खाटेच्या कडेला गुडघ्यांवर बसला आणि त्याने सगळे सांगितले. खुर्ची, उघडे खाते, चुकीचे नाव. अकरा वर्षे. ती बाई. समिती, ड्रिल. आज दुपारपर्यंतचे सारे. एकदा सुरुवात झाल्यावर ते सोपे होते, आणि त्या सोपेपणाचीच त्याला भीती वाटली.

“ती बाई माझ्यामुळे गेली, भाऊजी. तुमच्यामुळे नाही. तुमचा काही दोष नव्हता.”

माणसाने शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकले. परक्याच्या दुःखात कोणी चांगला माणूस ऐकतो, तसे. मग त्याने हात पुढे करून तंत्रज्ञाच्या डोक्यावर ठेवला.

“वाईट झालं हो फार,” तो म्हणाला. “आणि त्यांना कोणी सांगितलं का हे?”

“कोणाला?”

“ज्यांच्यावर आळ आला त्यांना. ते बिचारे आपलीच चूक समजून बसले असतील.”

तंत्रज्ञाने मान खाली घातली.

“नाही सांगितलं? अहो, मग इथं माझ्याशी काय बोलत बसलात?” त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसती कळकळ होती. “उठा. त्यांना जाऊन सांगा. असं कोणाला टांगून ठेवू नये.”

आणि त्याने मोठ्या आपुलकीने दाराकडे बोट दाखवले. दार उघडे होते. दारात ताई उभी होती. ती केव्हापासून उभी आहे, हे विचारण्याची गरज नव्हती.